अंगठा आणि अनामिका: पियानो शिकवू लागलेल्या मित्रास पत्र

पुणे

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पेटीच्या वर्गात आता पियानो शिकायला सहा-सात वर्षांची मुले येऊ लागली आहेत, हे वाचून आनंद झाला. सप्तक वाजवताना त्यांची बोटे कशी बसवावीत, असे तू विचारले आहेस. पेटीवर एक हात भात्यात गुंतलेला असतो, त्यामुळे बोटांचा विचार एकाच हातापुरता होतो. पियानोवर मात्र दोन्ही हातांचे अंगठे निरनिराळ्या वेळी वळतात आणि मुले नेमकी तिथेच अडखळतात.

सी मेजरसाठी, म्हणजे सी या पट्टीला सा मानून केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर वाजणाऱ्या सप्तकासाठी, पुस्तकात (अंगठा १ ते करंगळी ५ अशा क्रमाने) उजव्या हाताला १-२-३-१-२-३-४-५ आणि डाव्याला ५-४-३-२-१-३-२-१ असे आकडे छापलेले असतात. ते पाठ करून घेऊ नकोस. सुरुवातीला अंगठा वगळूनच सप्तक वाजवून घे: डाव्या हाताची करंगळी ते तर्जनी ही चार बोटे सा-रे-ग-म वर आणि उजव्या हाताची तर्जनी ते करंगळी प-ध-नि-सां वर. सा बदलला की कोणत्या जागी काळी पट्टी लागते, हे मूल स्वतःच्या कानाने शोधून काढते.

अंगठा वळवायला शिकवताना दोन्ही हात मधल्या सी पासून विरुद्ध दिशांना जाऊ देत. अशा वेळी दोन्ही हातांची तीच बोटे एकाच क्षणी पडतात, म्हणून लहान मुलांना हे हात एका दिशेने नेण्यापेक्षा पुष्कळच सोपे जाते. तर्जनी वाजताच अंगठ्याने तळव्याखाली सरकू लागावे; मधले बोट वाजून होईपर्यंत तो थांबला, तर ऐन वेळी कोपर बाहेर फेकले जाते आणि सूर आदळतो.

पुढे हात एका दिशेने चालू लागले की मुलांना फक्त अनामिकेची जागा सांग. सप्तकात ती प्रत्येक हाताला एकदाच लागते: सी मेजरमध्ये उजवीकडे बी वर, डावीकडे डी वर, आणि दोन्ही हातांची मधली बोटे ई व ए वर एकत्र येतात. जी आणि डी मेजरमध्ये उजवी अनामिका नव्या काळ्या पट्टीवर जाते, एवढेच. एफ मेजरमध्ये उजवा अंगठा चार बोटांनंतर वळतो, म्हणून ते मागाहून घ्यावे. संगीतकार व पियानोवादक शोपँ आपल्या शिष्यांना आरंभी बी मेजर देत असे, कारण त्यात लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आपोआप बसतात. स्वरलिपी न दाखवता मीही ते लवकर देतो.

एखादा पालक ‘हीच बोटे का?’ असे विचारीलच. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखने १७२० साली आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या वहीत उजव्या हाताला ३-४-३-४ अशी बोटे लिहून दिली होती. अंगठ्याला आजचे महत्त्व देणारी पद्धत त्याच्याच दुसऱ्या मुलाने, कार्ल फिलिपने, १७५३ च्या ग्रंथात व्यवस्थित मांडली. तेव्हा बोटे काही ईश्वरदत्त नव्हेत, परंतु मुलाने ती रोज बदलणे मात्र घातक आहे.

तुझ्या कीबोर्डवर दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त होतो का, ते कळव. होत नसेल, तर अंगठ्याचा ठोसा ना मुलाला ऐकू येईल, ना तुला.

तुझा,
विनायक