नोकरी सोडली, चित्रकला शिकतेय. आणि बाबांच्या डोळ्याचं

पुणे,
रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की आई आधी जेवलीस का विचारते, मग बाबा इकडच्या पावसाचं विचारतात, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. आई, तू मोठ्याने वाच. बाबांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही.

मी कंपनीतली नोकरी सोडली. राजीनामा देऊन झाला, नोटिशीची मुदतही संपली. मला कुणी काढलेलं नाही, कुणाशी भांडण झालेलं नाही, तब्येत चांगली आहे आणि घरातही सगळं नीट आहे. मी चित्रकला शिकते आहे, अगदी पायापासून. सकाळी कागद-पेन्सिलीवर, दुपारी संगणकावर. पुढे मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत. हे सगळं ठरून झाल्यावर सांगते आहे, कारण आधी सांगितलं असतं तर तुम्ही दोघं रात्र रात्र जागला असता आणि मग माझाच पाय निघाला नसता.

आधी पैशाचं सांगते, कारण आई इथे थांबून बाबांकडे बघणार. पाच तारखेचे पैसे तसेच येत राहतील, ते वेगळ्या खात्यात काढून ठेवले आहेत. मेडिक्लेम तुमच्या जावयांच्या ऑफिसातून आहे आणि त्यात तुमची दोघांची नावं आहेत, त्यात काही बदल नाही. पीएफला हात लावलेला नाही. जुन्या कामापैकी थोडं टेस्टिंगचं काम घरून घेतलं आहे, त्यात फ्लॅटचा हप्ता निघतो. भांडीवाल्या मावशींचा पगार, गॅसचं बुकिंग, लाइटबिल, सगळं पूर्वीसारखं माझ्याच फोनवरून होईल. बाथरूममध्ये आईसाठी दांडा बसवायचा आहे, तोही याच महिन्यात बसेल. आणि शिकायला लाखो रुपये लागतात असं समजू नका. मी वापरते ते क्रिटा नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सगळ्या जगाला फुकट, चोरीचं नाही. पेन टॅब्लेट घेतला तोही बिनपडद्याचा, नुसती काळी पाटी. हात टेबलावर चालतो आणि नजर समोरच्या पडद्यावर, त्यामुळे सुरुवातीला हाताला कळतच नाही आपण कुठे आहोत. पण वळण पडतं.

दादा म्हणेल, रविवारी छंद म्हणून कर की. हाताला रोजचा सराव लागतो, बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आठवड्यातून एकदा पेन्सिल धरली की पहिला तास गंज काढण्यातच जातो. आणि चाळिशी ओलांडली आहे, अजून किती पुढे ढकलायचं? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही झाल्या होत्या. दहावीनंतर सांगलीचं ते सगळं झालं, त्यावर मी काही लिहीत नाही. त्या वर्षी तुम्ही दुसरं काही करूच शकत नव्हता. मला सायन्सला घातलंत म्हणून इतकी वर्षं पगार आला आणि आज हा हिशेब जमतो आहे. मनात काही ठेवू नका, माझ्या मनात काही नाही.

दादा हेही विचारेल की आता संगणक आपोआप चित्र काढून देतो, मग शिकायचं कशाला. त्याला सांगा, ती चित्रं मी पाहिली आहेत. झाडाची सावली एका बाजूला आणि माणसाची दुसऱ्या बाजूला पडलेली असते. ती चूक पकडायची तरी उजेड कुठून येतो हे कळणारा माणूस लागतो. मला तो माणूस व्हायचं आहे. आणि मला काढायला आवडतं, बाबा. लहानपणी जसं आवडायचं तसंच.

आता शिकते काय, ते सांगते. तुम्हाला नोकरीपेक्षा याचीच उत्सुकता असणार.

सुरुवातीला नुसत्या रेघा. वर्गातले सर शाळेतून निवृत्त झालेले कलाशिक्षक आहेत, त्यांनी पडद्याला हातच लावू दिला नाही. न्यूजप्रिंटचा कागद, 2बी आणि 6बी पेन्सिल, आणि हात मनगटातून हलवायचा नाही, खांद्यातून हलवायचा. मनगट लहानशी कमानच काढतं, लांब सरळ रेघ खांद्यातूनच येते. शाई भरताना तुम्ही श्वास सोडत रेघ ओढायचात ते मला तिथे आठवलं. मीही तसंच करते.

मग चौकोनी खोकी. डोळ्याची पातळी कुठे, लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात तो लोपबिंदू कुठे, खोकं वर उचललं तर त्याचा तळ किती दिसेल. यात मी फार अडकले, कारण माझ्या डोळ्यांत तुमचे पाटबंधारे खात्यातले नकाशे बसले आहेत. तुमच्या कागदावर लांबचं गेट जवळच्या गेटाएवढंच असायचं. असायलाच हवं होतं, त्यावर पट्टी ठेवून कुणीतरी ते बांधणार होतं. चित्रात मात्र लांबचं लहान होतं आणि समांतर रेघा एका जागी जाऊन मिळतात. सरांना म्हटलं, वडील ट्रेसर म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. तर ते म्हणाले, मग तुम्हाला निम्मं येतं. मला इतकं बरं वाटलं!

संगणकावरचे लेयर तुम्हाला एका मिनिटात कळतील. ड्रॉइंग बोर्डावर एकावर एक ट्रेसिंग पेपर लावून तुम्ही काम करायचात, अगदी तसंच. खाली कच्चं रेखाटन, त्यावर पक्की रेघ, त्यावर रंग, त्यावर सावली. एक काढून टाकला तरी बाकीचे शाबूत. छापायचं असेल तर ए-फोर कागदासाठी 2480 बाय 3508 ठिपक्यांचं पान आधीच आखून घ्यावं लागतं, नाहीतर छपाई धुरकट येते. आणखी एक सोय म्हणजे, एक कळ दाबली की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं आणि वाकडं नाक लगेच दिसतं. लिओनार्दोसुद्धा चित्रकारांना आरशात बघायला सांगायचा.

पण खरं काम उजेड-सावलीचं आहे. एका दिव्याखाली पांढरा चेंडू ठेवायचा आणि रंग न वापरता काढायचा. उजळ बाजू, मधली छटा, सगळ्यात गडद पट्टा, त्याखाली टेबलावरून उलटून आलेला मंद उजेड आणि मग टेबलावरची पडछाया. तो उलटा उजेड उजळ बाजूएवढा पांढरा केला की चेंडू चपटा होतो. डोळ्याला तो पांढराच वाटतो, आणि तिथेच डोळा फसवतो. हे जमेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही असा नियम आहे. आपल्या कोल्हापुरात, राजारामपुरीत, नट-चित्रकार चंद्रकांत मांडरेंच्या कलासंग्रहालयात पावडर शेडिंगची, म्हणजे पावडरीने छटा दिलेली चित्रं आहेत. लहानपणी मला ती राखाडी म्हणून कंटाळवाणी वाटायची. आता पुढच्या वेळी आले की आपण तिथे जाऊ आणि मी तुम्हाला एकेका चित्रासमोर उभं करीन.

म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघितलं होतं, आठवतं? आई म्हणाली होती, दिवा खरंच पेटला आहे. सावंतवाडीचे हळदणकर, आणि चित्रातली ती त्यांचीच मुलगी, गीताताई उपळेकर. आपल्या कोल्हापुरातच राहायच्या, 2018 मध्ये गेल्या, तेव्हा 102 वर्षांच्या होत्या. मुलगी वडिलांसमोर दिवा धरून उभी राहिली. मी हल्ली ते चित्र रोज उघडून बघते. ते जलरंगातलं आहे, खाडाखोडीला जागा नाही. आणि ज्योतीचा उजेड भोवतालच्या अंधारामुळे आहे. तिच्या बोटांच्या कडेने जी लाली उतरते ती तेवढीच ठेवली आहे, बाकी सगळं दाबलं आहे. कागद जेवढा पांढरा त्याहून पांढरं चित्रात काही करता येत नाही. पडद्याचंही तसंच, त्याच्या शेवटच्या पांढऱ्याच्या पुढे काही नाही. उजेड हवा असेल तर आजूबाजूचं गडद करायचं. हे कळायला मला इतका वेळ लागला, आणि आईने ते तिकिटाच्या रांगेतून बाहेर येऊन पहिल्या नजरेत सांगितलं होतं.

आई, तुझंही यात आहे. तू मोजपट्टी न घेता ठिपके टाकतेस आणि शेवटची ओळ बरोबर उंबऱ्यापाशी संपते. प्रमाण म्हणतात ते हेच. दलाल आणि मुळगावकरांची मुखपृष्ठं तू दिवाळी अंकांवरून सोडवून हिरव्या ट्रंकेत ठेवली होतीस. ती आता नाहीत हे मला माहीत आहे, पुराचं काही काढत नाही. पण त्यांतले रंग मला पाठ आहेत.

आणि बाबांच्या बाद झालेल्या अमोनिया प्रिंटची, म्हणजे नकाशांच्या प्रतींची, कोरी बाजू! दुसऱ्या मुलींना चित्रकलेच्या वह्या होत्या आणि मला टेबलाएवढे कागद. संध्याकाळी तुम्ही सायकलवरून यायचात, हँडलला ती सुरळी असायची, आणि मी फाटकातच उलगडायची. त्या उग्र वासाने आईला शिंका यायच्या. तुमच्या बोर्डाखाली झोपायचे मी, वर पट्टी सरकायचा आवाज यायचा. मला त्याच्याइतकी शांत झोप पुन्हा कुठे लागली नाही.

म्हणून आता बाबा, तुमच्या डोळ्याबद्दल. इथे मी ऐकणार नाही.

गणपतीत तुम्ही आईच्या मोरपंखी साडीला हिरवी म्हणालात. पुढच्या खोलीला दिलेला पांढरा रंग तुम्हाला पिवळट वाटला आणि तुम्ही रंगाऱ्याला बोललात. रंगाऱ्याची चूक नव्हती. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग नुसतं धूसर होत नाही, ते पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवतं. आपल्याला कळत नाही कारण ते फार हळूहळू होतं. मी रंग शिकायला लागले तेव्हा हे वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

क्लोद मोने नावाचा फ्रेंच चित्रकार होता, पाण्यातली कमळं काढणारा. त्याला मोतीबिंदू आहे हे 1912 मध्ये कळलं. शस्त्रक्रियेच्या भीतीने त्याने ती टाळली, ती 1923 पर्यंत. मधल्या वर्षांत त्याची चित्रं लाल-तपकिरी होत गेली, निळं जवळपास दिसेनासं झालं. ब्याऐंशीव्या वर्षी शेवटी एका डोळ्याची करून घेतली, आणि त्यानंतर पुन्हा कामाला लागला. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस न हलता पडून राहावं लागायचं, डोळ्यात भिंग बसवायची सोयच नव्हती. तुम्हाला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचं आहे. छोटीशी चीर, आत नवीन भिंग, टाका बहुतेक लागतही नाही. शेजारच्या काकांनी केली, ते आता पेपर चष्म्याशिवाय वाचतात, तुम्हीच सांगितलंत.

"अजून पिकायचा आहे" हे कारण देऊ नका. पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले. उलट फार कडक झाला की काढायला जास्त त्रास होतो.

आता दोघांनी नीट ऐका. सोमवारी दादाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि तारीख घ्यायची. त्याआधी साखर तपासायची, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची दोन्ही. बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, आपल्या मनाने बंद करायची नाही. तारीख ठरली की मी येते, आता रजा मागावी लागत नाही. ड्रॉप्स घालायचं वेळापत्रक मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावीन. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, ओणवं होऊन बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही. आणि बाबा, तोपर्यंत अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. समोरच्या दिव्यांचा डोळ्यावर पसारा होतो हे तुम्ही आईला सांगितलंत आणि आईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका.

आई, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना चढू नकोस. बाबांच्या शस्त्रक्रियेच्या धांदलीत स्वतःच्या गोळ्या विसरू नकोस. चार माणसांचा स्वयंपाक करायच्या भरीस पडायचं नाही. मी आहे तेवढे दिवस पोळ्या मी करणार.

काका-काकूंना नोकरीचं काय सांगायचं हा प्रश्न तुम्हाला पडेल. खरं तेच सांगा. मुलगी चित्रकला शिकते आहे. कुणी काही बोललं तर माझा नंबर द्या.

येताना टॅब्लेट आणि लॅपटॉप घेऊन येते. बाबा, पट्टी बांधलेली असली तरी दुसऱ्या डोळ्याने मला माझ्या खोक्यांतल्या चुका दाखवायच्या आहेत तुम्ही. लोपबिंदू मी चुकीच्या जागी घेते असं सर म्हणतात, आणि मला ते अजून नीट समजलेलं नाही.

तुमची,
चिमी

ता. क. तारीख घेतली की लगेच मेसेज करा. दादाला टाकायला सांगू नका, तो विसरतो. आईने स्वतः टाकायचा.