नाक बुडालं त्याची गोष्ट

धरमपेठ, नागपूर
रविवार, रात्री

प्रिय बाल्या,

तू फोनवर विचारलं की काकू सांगत होत्या हा लंगडून राहिला, काय झालं, तर मी तेव्हा काहीच बोललो नाही कारण आई बाजूलाच मटार सोलत बसली होती. घरी मी "गोव्यात पायरीवरून घसरलो" असं सांगून ठेवलंय, तेवढं सांभाळ बे.

खरं असं झालं. माझा तो मामेभाऊ, नेव्हीतून रिटायर झालेला दादा, तो मिरामारच्या बीचवर होबी 16 नावाची शिडाची बोट चालवतो. कॅटमरान, म्हणजे दोन बारके हल, होडीसारखे तरंगणारे सांगाडे, अन् मधे ताणलेलं जाळीदार कापड, बस. त्याच्या जोडीदाराची कंबर धरली, रेस दोन दिवसांवर, तर त्यानं मला फोन करून एकच विचारलं, वजन किती? म्हटलं ब्याऐंशी. म्हणे, ये. आयुष्यात पहिल्यांदा या पोटाचा कोणाला तरी उपयोग झाला. जोराच्या वाऱ्यात बोट उलटू नये म्हणून आपणच कमरेला हार्नेस अडकवून डोलकाठीच्या तारेला लटकत पाण्यावर बाहेर आडवं व्हायचं असतं, तिथे बारीक पोट्टा काय कामाचा? बोट आहे 145 किलोची, लांबी 5 मीटरच्या थोडी वर, अन् तिच्यावर डोलकाठी 8 मीटरची, आता तूच हिशोब लाव.

आणि गंमत ऐक, कॅटमरान हा शब्दच तमिळ आहे, कट्टुमरम्, म्हणजे बांधलेली लाकडं. ही होबी मात्र कॅलिफोर्नियातल्या एका सर्फबोर्ड बनवणाऱ्यानं 1970 च्या आसपास काढली, वाळूवरून ढकलत न्यायची म्हणून तिला खाली पाण्यात उतरणारं पातं नाही, हलच केळ्यासारखे वाकडे ठेवलेत.

सकाळी समुद्र आपल्या अंबाझरी तलावासारखा होता, मी म्हटलं हे तर काहीच नाही. दुपारी दोननंतर जी हवा सुटली ना! 20 नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटर, तू म्हणशील एवढी तर आपली अॅक्टिव्हा पळते, पण वारा दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हे मला दादानं नंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर मी पोट दुखतं म्हटलं असतं. वरून ओहोटी लागलेली, मांडवी नदीचं पाणी बाहेर येऊन राहिलं अन् वारा आत, दोघं समोरासमोर भिडले की लाटा आखूड अन् उभ्या होतात, भिंतीसारख्या, एकीवरून उतरलो नाही की दुसरी तोंडावर.

वारा जिकडून येतो तिकडे तिरपं तिरपं चढत जायचं होतं. टॅक मारताना, म्हणजे वाऱ्याकडे तोंड फिरवून बाजू बदलताना, ही बोट मधेच अडते, वजनच नाही तर जोर कुठून येणार, एका लाटेनं थोपवलं अन् आम्ही चक्क उलटे मागे जायला लागलो, दादा ओरडला "जिब उलटी धर!" मी पुढचं शीड वाऱ्यात उलटं ओढून धरलं तेव्हा कुठे बोटीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, फिरलं. तरी आम्ही पिवळ्या बोयापाशी, म्हणजे जिथे वळायचं त्या तरंगत्या खुणेपाशी, तिसरे पोचलो होतो. तिसरे! मला तर वाटलं आता पेपरात नाव येते.

बोयाला वळसा घालतानाच खरं मरण असते. वारा बाजूनं पूर्ण लागतो, शीड अख्खी बोट पुढे रेटते अन् खालच्या बाजूच्या हलचं नाक पाण्यात घुसायला बघते, म्हणून दोघांनी सरकत एकदम मागे जायचं. दादा म्हणाला "मागे, माझ्याही मागे!" आता मी काय केलं, तर आपल्या मागे कोण येऊन राहिलं ते बघायला मान वळवली. तेवढ्यात पाय घसरला अन् मी पुढे. नाक खाली गेलं, मातकट पाणी सरळ त्या कापडावर चढलं, बोट जागच्या जागी थांबली आणि मी थांबलो नाही, तारेला लटकलेला असा भोवऱ्यासारखा गरकन पुढे फिरलो अन् डोलकाठीला ताणणाऱ्या स्टीलच्या दोरावर मांडी आपटली. मग बोट नाकावरून कोलांटी खाऊन आडवी.

बाप्पा, पाणी किती खारट असते रे! नाकातोंडात गेलं, हुक सुटेना, दादा मात्र शांत, "बोट सोडू नको." शिडांच्या दोऱ्या मोकळ्या केल्या, डोलकाठीचं टोक वाऱ्याकडे येईपर्यंत वाट बघितली, मग वरच्या हलवरून दोर टाकून दोघं खालच्या हलवर उभे अन् मागे झुकलो. काही होईना. मग वारा शिडाखाली शिरला आणि एकदम सगळं उठलं, वरचा हल डोक्यावर येऊन राहिला, तिथे खाली वाकून पकडायचं असते, नाही तर बोट तुम्हाला तिथंच टाकून जाते.

शेवटून दुसरे आलो. दादा एक शब्द रागावला नाही, त्याचाच त्रास जास्त झाला. संध्याकाळी वाळूवर शीड घडी करताना फक्त विचारलं, "मागे काय बघत होता?"

म्हटलं, कोण येतंय ते.

"मग, कोण होतं?"

अन् खरं सांगतो बाल्या, मी बघितलंच नव्हतं.

तुझाच,
लंगडा