पाटीवरची किंमत आणि पावतीवरची रक्कम

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडे कॅनडात लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे का घेतात?" मी कामावर निघाले होते, "टॅक्स असतो हो" म्हणून फोन ठेवला. पण एवढ्यावर सुटणारा हा प्रश्न नाही. मागच्या वेळी बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात मोजून पैसे घेऊन गेले होते. गल्ल्यावर आकडा वाढलेला दिसला, तेव्हा वस्तू तिथेच ठेवून परत आले आणि नंतर एकटे कधी दुकानात गेले नाहीत. ते माझ्या मनाला लागून राहिलंय. आता मे महिन्यात याल तेव्हा तुम्ही दोघांनी आपलं आपण हिंडावं, हवं ते घ्यावं, कुणी फसवतंय की काय ही शंका मनात राहू नये, म्हणून नीट लिहून पाठवतेय.

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी असते, सगळे कर धरून. कॅनडात पाटीवर नुसती वस्तूची किंमत असते आणि कर गल्ल्यावर चढतो. पेट्रोलचा दर मात्र कर धरून लिहिलेला असतो. एकच शर्ट देशभर विकला जातो, पण कर सगळ्या प्रांतांत सारखा नाही, त्यामुळे किंमत कराशिवाय लिहायची पद्धत पडली आहे.

बाबा, दुकानाच्या हिशेबात तुम्ही सीजीएसटी आणि एसजीएसटी वर्षानुवर्षं लिहिलेत, त्यामुळे पुढचं तुम्हाला सोपं जाईल. इथेही केंद्राचा एक आणि प्रांताचा एक. केंद्राचा जीएसटी १ जानेवारी १९९१ ला ७ टक्क्यांनी सुरू झाला, २००६ मध्ये ६ झाला आणि २००८ पासून ५ टक्के आहे, सगळ्या देशात सारखा. फरक प्रांताच्या वाट्यात. आमच्या ऑन्टॅरिओत प्रांताचे ८ टक्के त्यातच मिसळून एचएसटी नावाने १३ टक्क्यांची एकच ओळ पावतीवर येते. आपल्यासारखे निम्मे-निम्मे दोन आकडे शोधू नका. ऑन्टॅरिओने हा एकत्र कर घेतला तो १ जुलै २०१० ला, आपला जीएसटी आला १ जुलै २०१७ ला, आणि १ जुलै म्हणजे कॅनडा डे.

आता १३ टक्के मनातल्या मनात कसे काढायचे? इथली पोरं मोबाइल काढतात. तुम्हाला गरज नाही, तुमच्याकडून शाळेत पावकी-निमकी पाठ करून घेतली आहे. रुपयाला दोन आणे म्हणजे साडेबारा टक्के. तेवढं धरायचं आणि वर अर्धा टक्का. बुटांवर ८० डॉलर लिहिलंय, तर आठवा हिस्सा १० डॉलर, अर्धा टक्का ४० सेंट. कर झाला १० डॉलर ४० सेंट, द्यायचे ९० डॉलर ४० सेंट. तुमचा आकडा यंत्राच्या आधी तयार होईल याची मला खात्री आहे.

उलटा हिशेब करताना मात्र सांभाळा. पावती ११३ डॉलरची असेल तर मूळ किंमत काढायला ११३ चे १३ टक्के वजा करायचे नाहीत, तसं केलं तर ९८ डॉलर ३१ सेंट येतात. १.१३ ने भागायचं, मग बरोबर १०० येतात.

आई, तुझं स्वयंपाकघर बहुतेक करातून सुटलेलं आहे. तांदूळ, डाळी, पीठ, दूध, दही, भाजी, फळं यांच्यावर शून्य. शेंगदाणे साधे घेतलेस तर शून्य, तेच खारवलेले घेतलेस की १३ टक्के. म्हणजे कूट करायला घेतलेल्या दाण्यांना कर नाही आणि येता-जाता तोंडात टाकायच्या दाण्यांना आहे! बटाट्याचे वेफर्स, चॉकलेट, सोड्याची पेयं यांवर पूर्ण कर. मफिन एकटा घेतला तर कर लागतो, सहा एकत्र घेतले तर लागत नाही, कारण सहा म्हणजे घरचं वाणसामान आणि एक म्हणजे बाहेरचं खाणं असं सरकार धरतं. ऑन्टॅरिओत बाहेरच्या तयार खाण्यापिण्याचं एकूण बिल ४ डॉलरपर्यंत असेल तर प्रांत आपले ८ टक्के सोडून देतो आणि फक्त ५ लागतात. ३ डॉलरचा चहा ३ डॉलर १५ सेंटला पडतो. दोघांचे दोन चहा एकाच पावतीत घेतलेत तर ६ डॉलर होतात, मग पूर्ण १३ टक्के, ६ डॉलर ७८ सेंट.

आपण मॉन्ट्रियलला जाणार आहोत, तिथे पावतीवर दोन ओळी दिसतील, टीपीएस आणि टीव्हीक्यू. पहिला केंद्राचा ५ टक्के, दुसरा क्युबेक प्रांताचा ९.९७५ टक्के. बाबा, हा विचित्र आकडा कुठून आला ते सांगते, तुम्हाला आवडेल. २०१२ संपेपर्यंत क्युबेकचा कर ९.५ टक्के होता, पण तो केंद्राचा कर मिळवलेल्या रकमेवर लागायचा, म्हणजे करावर कर. २०१३ पासून तो मूळ किमतीवर लावायला लागले आणि उत्पन्न तेवढंच राहावं म्हणून ९.५ ला १.०५ ने गुणून ९.९७५ केलं. तेच ८० डॉलरचे बूट घ्या. जुन्या रीतीने ८४ चे साडेनऊ टक्के, ७ डॉलर ९८ सेंट. नव्या रीतीने ८० चे ९.९७५ टक्के, तेही ७ डॉलर ९८ सेंट. एकूण ९१ डॉलर ९८ सेंट. तिथे सरळ १५ टक्के धरून चाला, दहावा हिस्सा आणि त्याचा निम्मा.

व्हँकुव्हरला दादाकडे गेलात की ५ आणि ७ असे वेगळे कर, बूट ८९ डॉलर ६० सेंटला. तिथेही २०१० मध्ये एकत्र १२ टक्के केले होते, पण लोकांना पटलं नाही. २०११ मध्ये सार्वमतात तो फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ पासून जुनी पद्धत परत आली. मला लोकांचं म्हणणं पटतं. वेगळे असताना हॉटेलातल्या जेवणावर प्रांताचा कर नव्हता, एकत्र केल्यावर तोही लागला होता. आज परत नुसते ५ लागतात. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर मुळीच नाही, बूट ८४ ला.

रोख देणार असाल तर आणखी एक. इथे एक सेंटचं नाणं २०१३ मध्ये वाटायचं बंद झालं. १० डॉलर १७ सेंट झाले तर रोखीने १० डॉलर १५ सेंट घेतात, कार्डाने पूर्ण १७. हॉटेलात कार्डाचं यंत्र टिपेचे टक्के विचारतं, तेव्हा ते पुष्कळदा कर धरलेल्या रकमेवर मोजलेले असतात. तुम्ही कराआधीच्या रकमेवर मोजून द्या, त्यात काही वावगं नाही.

आणि शेजारचे काका म्हणाले तसा विमानतळावर कर परत मिळत नाही. पर्यटकांना परतावा देण्याची सोय होती, ती २००७ मध्ये बंद झाली. म्हणून पावत्यांचा गठ्ठा जपून ठेवू नका.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांना कर नाही, पण चिठ्ठी इथल्या डॉक्टरांची लागते आणि त्यांची फी जबर असते. तेव्हा आई, रक्तदाबाच्या गोळ्या आणि बाबांची थायरॉइडची औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी तिकडूनच घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. औषधांची नावं बरोबर आहेत ना ते पाहायला चिठ्ठीचा एक फोटो मला याच आठवड्यात पाठव.

तुमची,
अनघा