‘बँक’ म्हणजे दरवेळी पेढी नव्हे

महोदय,

कोकणच्या समुद्रातील ‘आंग्रिया बँके’च्या संरक्षणाविषयी मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून बातम्या येतात. मी भूगोल शिकवत असे तेव्हा अशा बातम्या वर्गात वाचून दाखवत असे. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : ही बँक आंग्र्यांनी काढली होती का? मुलांचे काहीच चुकत नव्हते. मराठीत ‘बँक’ या शब्दाला एकच अर्थ आहे, पैशांच्या व्यवहाराचा. बातमीत दुसऱ्या अर्थाबद्दल अवाक्षर नसते. काही ठिकाणी ‘आंग्रिया बँक हे प्रवाळ बेट’ असे छापतात आणि त्याने गोंधळ वाढतो, कारण बेट पाण्याच्या वर असते आणि आंग्रिया बँकेचा एक दगडही पाण्याबाहेर येत नाही.

ही जागा आहे तरी कशी? विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर गेले की समुद्राचा तळ उंचावत येतो. सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १७ किलोमीटर रुंद असे ते पाण्याखालचे पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून साधारण २० मीटर खाली. नद्यांनी आणलेला गाळ इतक्या लांब पोहोचत नाही, पाणी नितळ राहते, सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो आणि म्हणून तिथे प्रवाळ वाढले आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांची आपली सागरी हद्द केव्हाच मागे पडलेली असते. मात्र २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या साधनसंपत्तीवर किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो त्या पट्ट्यात, हे पठार येते, त्यामुळे त्याची राखण करण्याची जबाबदारी भारताचीच आहे. नाव पडले आहे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून. इंग्रज आंग्र्यांना ‘आंग्रिया’ म्हणत. मराठी आरमाराच्या प्रमुखाचे नाव मिरवणारी ही जागा मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उभीच राहत नाही आणि आड येतो तो एक शब्द, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंग्रजी दर्यावर्दी समुद्राच्या तळाच्या अशा उथळ उंचवट्याला बँक म्हणतात. उत्तर समुद्रातील डॉगर बँक आणि न्यूफाउंडलंडजवळची ग्रँड बँक्स ही मासेमारीसाठी शतकानुशतके प्रसिद्ध असलेली ठिकाणे त्याच प्रकारची. हा शब्द इंग्रजीत आला तो स्कँडिनेव्हियाकडून. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिले. त्यांच्या बोलीतले पुष्कळ शब्द इंग्रजीत मुरले, त्यांतलाच हा एक. डॅनिश आणि स्वीडिश भाषांत याच कुळातला शब्द आजही टेकडी किंवा चढ या अर्थाने वापरतात. उंचवटा आणि उतार हा त्याचा गाभा. नदीच्या पाण्याकडे उतरणारा काठ म्हणून ती बँक. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात, त्यालाही इंजिनीअर बँकिंगच म्हणतात. विमान वळताना एका पंखावर कलते, त्याची क्रियाही हीच.

या अर्थाची बँक मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीची आहे, फक्त तिकडे कुणी त्या नजरेने पाहत नाही. कर्जतला गाडी थांबते, मागून जादा इंजिने लागतात आणि गाडी बोरघाट चढू लागते. या इंजिनांना रेल्वेचे लोक आणि प्रवासी सगळेच ‘बँकर’ म्हणतात. पैशांचा इथे काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध नाहीच. ब्रिटिश रेल्वेच्या भाषेत चढावाला बँक म्हणत, आणि चढावर गाडीला मागून रेटा देणारे ते बँकर. इंग्लंडमध्ये ब्रॉम्सग्रोव्हजवळचा लिकी चढ १८४० मध्ये सुरू झाला, त्याचे प्रमाण ३७.७ ला १ (३७.७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर), आणि १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाचे ३७ ला १. तिथे आणि इथे चढ जवळजवळ सारखाच. लोहमार्ग बांधणाऱ्यांबरोबर त्यांची बोलीही घाटात आली आणि कर्जतच्या फलाटावर कायमची राहिली.

हे सगळे शब्दांच्या आवडीपोटी लिहिते आहे असे वाटू नये. याच शब्दामुळे जगातल्या एका अत्यंत वेदनादायक प्रश्नाविषयी मराठी वाचकाची समजूत अर्धवट राहते आहे. मी ‘वेस्ट बँक’विषयी बोलते आहे.

पॅलेस्टाइनविषयीच्या बातम्यांत हे नाव बहुतेक वेळा जसेच्या तसे छापले जाते. मूळ अर्थ आहे जॉर्डन नदीचा पश्चिम तीर. १९४८ च्या युद्धानंतर नदीच्या पश्चिमेकडचा हा मुलूख जॉर्डनच्या ताब्यात गेला आणि १९५० मध्ये जॉर्डनने तो आपल्या राज्याला जोडला. मूळ जॉर्डन देश नदीच्या पूर्वेला, म्हणून हा भाग पश्चिम तीर. जून १९६७ च्या युद्धात तो इस्रायलने घेतला. अरबीतले त्याचे नावही नदीचा पश्चिम काठ असेच आहे. फ्रेंचमध्ये त्याला ‘सिसजॉर्डनी’ म्हणतात, म्हणजे जॉर्डनच्या अलीकडचा मुलूख, आपण ऐलथडी म्हणू तसा. या भाषांनी नदी नावात ठेवली आहे. मराठीत मात्र ‘वेस्ट बँक’ लिहिल्याबरोबर नदीच नाहीशी होते.

काही वृत्तपत्रे भाषांतर करतात, पण ते ‘पश्चिम किनारपट्टी’ असे. हे तर वाचकाला सरळ चुकीच्या जागी नेऊन सोडणे आहे. किनारपट्टी म्हटले की आपल्याला समुद्र दिसतो, त्यातून ‘पश्चिम’ म्हटले की कोकण. प्रत्यक्षात या प्रदेशाला भूमध्य समुद्राचा किनारा मुळीच नाही. समुद्र आणि हा प्रदेश यांच्यामध्ये इस्रायल आहे, सर्वांत चिंचोळ्या जागी सुमारे १५ किलोमीटर रुंदीचा. आग्नेयेला मृत समुद्राचा काठ लागतो तेवढाच. समुद्राची किनारपट्टी आहे ती गाझाला. एकाच बातमीत ‘गाझा पट्टी’ आणि ‘पश्चिम किनारपट्टी’ शेजारी शेजारी आल्या की दोन्ही भाग समुद्राला लागून, एकमेकांना खेटून असावेत अशी वाचकाची खात्री होते. मग एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याचा प्रश्न इतका बिकट का, हे त्याला कसे कळावे?

आपल्याकडे यासाठी शब्दांची वानवा आहे म्हणावे तर तसेही नाही. काठ, तीर, तट, थडी. नदीकाठच्या मुलखाला नाव देण्याची पद्धत तर मराठीत जुनीच आहे : गोदावरीकाठची गंगथडी, भीमेकाठची भीमथडी. जायकवाडीचे कालवे इंग्रजी कागदपत्रांत ‘लेफ्ट बँक’ आणि ‘राइट बँक’ आहेत, पण मराठवाड्यातला शेतकरी डावा कालवा आणि उजवा कालवा म्हणतो. नदी वाहते तिकडे तोंड करून उभे राहिले की डावी बाजू कुठली हे ठरते. गोदावरी पूर्वेला वाहते, म्हणून डावा कालवा उत्तरेकडचा, जालना-परभणीच्या बाजूचा. इथे कुणाला ‘डावी बँक’ म्हणावेसे वाटले नाही. मग जॉर्डन नदीनेच काय घोडे मारले आहे?

आता पैशांची बँक. ती इंग्रजीत वेगळ्या वाटेने, इटलीतून फ्रेंचमार्गे आली. मध्ययुगीन इटलीतील सराफ बाजारात बाक मांडून नाण्यांची देवघेव करत. बाकाला इटालियनमध्ये ‘बांका’ किंवा ‘बांको’. त्या बाकावरून धंद्याला नाव मिळाले. दिवाळखोराला इंग्रजीत ‘बँकरप्ट’ म्हणतात, तोही इटालियनमधल्या ‘मोडलेला बाक’ या शब्दप्रयोगावरून. मात्र इटालियनमधला बाकही मुळात जर्मानिक भाषांतून उसना घेतलेला. त्यामुळे नदीचा काठ आणि सराफाचा बाक यांचे मूळ फार मागे एकच निघते, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. इंग्रजीतला ‘बेंच’ही त्यांचाच भाऊबंद. दोन सख्खे शब्द लहानपणी ताटातूट होऊन दोन देशांत वाढले आणि इंग्रजीत पुन्हा एका छपराखाली आले.

यात मला सर्वांत भावते ती आपली ‘पेढी’. संस्कृत पीठ म्हणजे बसण्याची जागा, पीठिकेवरून पेढी. इटलीत सराफाच्या बाकावरून व्यवसायाला नाव पडले, इथे सावकाराच्या बैठकीवरून. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. पुढे १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी साठवलेल्या रक्ताच्या विभागाला ‘ब्लड बँक’ हे नाव दिले. तो शब्द मराठीत आला तेव्हा कुणीतरी अर्थ नीट पाहिला आणि ‘रक्तपेढी’ घडवली. आज खेड्यातल्या माणसालाही ती कळते, आणि तिच्या जोडीला नेत्रपेढीही आली.

म्हणून आपल्या वृत्तसंपादकांना आणि अनुवाद करणाऱ्या तरुण पत्रकारांना माझी कळकळीची विनंती आहे. पैशांची बँक ‘बँक’च राहू द्या, तो शब्द आता आपलाच झाला आहे. घाटातल्या बँकरलाही हात लावू नका. पण ‘वेस्ट बँक’ला ‘जॉर्डनचा पश्चिम तीर’ म्हणा. सुरुवातीला काही दिवस सवयीचे नाव सोबत राहिले तरी चालेल. ‘आंग्रिया बँक’ हे नकाशावरचे नाव आहे, ते बदलू नये, मात्र पहिल्या उल्लेखात ‘पाण्याखालचे प्रवाळ पठार’ एवढे तीन शब्द जोडा आणि ‘बेट’ शब्द कटाक्षाने टाळा. यांत्रिक भाषांतर वापरत असाल तर ‘बँक’ दिसेल तिथे मूळ वाक्य एकदा माणसाने वाचावे. आणि पॅलेस्टाइनची मोठी बातमी असेल त्या दिवशी दोन स्तंभांचा नकाशा अवश्य छापा, त्यात जॉर्डन नदी ठळक निळ्या रेषेने दाखवलेली असावी.

आपली,
एक वाचक (निवृत्त भूगोल शिक्षिका), रत्नागिरी