कोलंबो बघताना खुन्याकडे बघ

नौपाडा, ठाणे

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ‘कोलंबो’ ही जुनी अमेरिकन गुप्तहेर मालिका बघायला घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. पण पहिला भाग नेरूळ लोकलमध्ये, मोबाइलवर, दीडपट वेगाने बघितलास आणि वर विचारतोस, ‘खुनी सुरुवातीलाच दाखवतात, मग पुढे बघायचं काय?’ याचं उत्तर मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पुढे बघायचं खुन्याकडे. ब्योमकेश बक्षी किंवा सीआयडीत खुनी लपलेला असतो, म्हणून आपण तपास करणाऱ्याचं बोट धरून चालतो. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकांच्या जोडीने कोलंबोची रचना मुद्दाम उलटी केली. आधी खुनाची तयारी, मग खून, मग पुरावे पुसणं, आणि हे सगळं उरकल्यावर चुरगळलेला रेनकोट घालून लेफ्टनंट कोलंबो येतो. आपल्याला सगळं ठाऊक असतं, त्याला काहीच नाही. म्हणून ‘कोणी केलं’ हा प्रश्न उरतच नाही. हा हुशार, श्रीमंत, नावाजलेला माणूस नेमका कुठे घसरला आणि ते कोलंबोला कधी कळलं, एवढंच शोधायचं असतं.

कोलंबोची पद्धत एकदा लक्षात आली की बघायला मजा येते. तो आरोप करत नाही. एक क्षुल्लक, न जुळणारी गोष्ट घेऊन येतो आणि म्हणतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याचा खुनाशी संबंध नाही तो साहजिकच म्हणतो, मला काय माहीत. खुनी मात्र लगेच खुलासा देतो, कारण त्याला ते प्रकरण मिटवायचं असतं. एक खुलासा दिला की त्याला धरून दुसरा द्यावा लागतो, आणि दोन खुलासे एकमेकांशी जुळेनासे झाले की कोलंबोचं अर्धं काम होतं.

तू बघितलेल्या ‘मर्डर बाय द बुक’चंच उदाहरण घे. 1971 सालचा हा भाग तेव्हा अगदी तरुण असलेल्या स्टीव्हन स्पिलबर्गने दिग्दर्शित केला आहे. जॅक कॅसिडीने रंगवलेला लेखक आपल्या भागीदाराला सॅन डिएगोजवळच्या घरी नेतो आणि तिथून त्याला बायकोला फोन करायला लावतो. नवरा ऑफिसात आहे या समजुतीत ती फोनवर गोळीचा आवाज ऐकते. योजना चोख आहे. पण पुढे तो लेखक पोलिसांना बोलावतो तेव्हा भागीदाराचं प्रेत त्याच्याच हिरवळीवर पडलेलं असतं, आणि हा माणूस आलेली टपालाची पाकिटं फोडत बसतो! दीडपट वेगाने बघताना ती पाकिटं तुझ्या डोळ्यांसमोरून निसटली असणार. कोलंबोच्या नजरेतून सुटली नाहीत. याच भागात कोलंबो त्या भागीदाराच्या बायकोच्या स्वयंपाकघरात ऑम्लेट करतो, तो प्रसंग पुन्हा बघ. अंडी फोडता फोडता तो तिला बोलतं करतो. वेग वाढवलास तर सव्वा तासाच्या भागात पंचवीस मिनिटं वाचतील, पण त्या पंचवीस मिनिटांत गप्प राहण्याच्या जागाच असतात, आणि कोलंबो झालेल्या पीटर फॉकचा अभिनय त्या जागांवर उभा आहे.

दारापर्यंत जाऊन परत वळणं आणि ‘जस्ट वन मोर थिंग’ म्हणणं ही त्याची लकब म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यामागे हिशोब आहे. कोलंबो निघाला की खुनी सैल पडतो आणि खरा प्रश्न त्या सैल क्षणी येतो. ही युक्ती सापडली मोठ्या मजेशीर कारणाने. मालिकेच्या आधी लेव्हिन्सन आणि लिंक कोलंबोचं नाटक टाइप करत असताना एक प्रसंग आखूड पडला. कोलंबो तर बाहेर गेलेला. सगळं पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्यांनी त्याला दारातून परत आत आणलं. तू मात्र त्या क्षणी कोलंबोकडे बघू नकोस. खुन्याचे खांदे, हातातला ग्लास, चेहऱ्यावरचं हसू किती वेळ टिकतं, ते बघ.

आता बघायचं कसं ते सांगते. साधी वही घे आणि पानावर तीन रकाने आख. पहिल्यात खुन्याने काय काय केलं, दुसऱ्यात कोलंबोची नजर कुठे थांबली, तिसऱ्यात खुन्याने न मागता दिलेले खुलासे. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शेवटची दहा मिनिटं उरली की थांबव आणि तो कशावरून पकडेल ते एका वाक्यात लिही. मगच शेवट बघ. चुकलास तर दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा लाव आणि कोलंबोला संशय पहिल्यांदा कधी आला ते शोध. बहुतेक वेळा तो पहिल्या भेटीतच आलेला असतो.

लोकलमध्ये शक्यतो बघू नकोस. गाडीच्या खडखडाटात कोलंबोचं पुटपुटणं ऐकू येत नाही, आणि इंग्रजी सबटायटल वाचायला खाली बघितलं की नजर खुन्यावरून हटते. बघायचंच असेल तर कानात बसणारे इअरफोन लाव आणि भाग अर्धवट तोडायची वेळ आली तर पडदा पूर्ण काळा होतो तिथे थांब. तिथे मूळच्या जाहिराती असायच्या, त्यामुळे प्रसंग पुरा झालेला असतो. एकामागून एक भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेव. शेवट मनात मुरायच्या आत पुढचा खून सुरू होतो.

घरी टीव्हीवर लावशील तेव्हा आधी चित्राचा आकार तपास. सत्तरच्या दशकातले भाग 4:3 आकाराचे आहेत, आपले टीव्ही 16:9. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं तर माणसं तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतात, आणि ‘झूम’ केलं तर वरखालून मिळून पाव चित्र कापलं जातं. टेबलावरची वस्तू त्या कापलेल्या पट्टीत गेली तर पुरावाच गेला. दुसरी गोष्ट, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद कर. सॅमसंगमध्ये ती ऑटो मोशन प्लस, सोनीत मोशनफ्लो आणि एलजीत ट्रूमोशन या नावाने असते. ही मालिका फिल्मवर चित्रित झाली आहे. त्या सोयीमुळे मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः बनवतो आणि सगळं स्टुडिओतल्या कार्यक्रमासारखं गुळगुळीत दिसतं.

क्रमाची फार काळजी नको, कथा सलग नाही. तरी मी सांगते त्या क्रमाने बघ. ‘सूटेबल फॉर फ्रेमिंग’, मग जॉन कॅसाव्हेटीस खुनी झालेला ‘एट्यूड इन ब्लॅक’, मग 1973 चा ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’. त्यात डोनाल्ड प्लेझन्सने रंगवलेला वाइनवेडा खुनी तळघरातलं वातानुकूलन बंद करून जातो, एवढंच ध्यानात ठेव. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग, कारण यात खुनी आणि कोलंबो एकमेकांचा मान ठेवतात. त्यानंतर पॅट्रिक मॅकगूहन खुनी झालेला ‘बाय डॉन्स अर्ली लाइट’. 1992 चा ‘नो टाइम टू डाय’ आणि 1994 चा ‘अंडरकव्हर’ अगदी शेवटी ठेव. ते दुसऱ्याच लेखकाच्या कादंबऱ्यांवरून घेतले आहेत आणि त्यांत ही उलटी रचनाच नाही. लंडनमध्ये घडणाऱ्या ‘डॅगर ऑफ द माइंड’मध्ये शेवटी कोलंबो जे करतो ते मला अजिबात पटत नाही. तुला पटतं का, ते कळव.

आणि मित्रांना भाग सुचवशील तेव्हा खुनी कोण ते बिनधास्त सांग. पकडला कसा, ते कुणालाही सांगू नकोस.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई

ता. क. तुझा मित्र अमेरिकेतून डीव्हीडीचा संच आणणार आहे म्हणालास. आणण्याआधी पाकिटावरचा विभाग क्रमांक, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो आकडा, बघायला सांग. तिथल्या डिस्क विभाग 1 च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर विभाग 5 चे. सगळे विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर त्या इथे लागणार नाहीत.