मिठासारखे नव्हे, टाक्यासारखे

मा. संपादक,
स. न.

दक्षिण ध्रुवीय समुद्रातल्या माशांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र 'माशांच्या रक्तातली प्रथिने मिठासारखे काम करून बर्फ वितळवतात' हे वाक्य खटकले.

मीठ गोठणबिंदू खाली आणते ते विरघळलेल्या कणांच्या संख्येच्या जोरावर. तोच हिशेब लावला तर ही प्रथिने फारच तोकडी पडतात. तो समुद्र उणे १.९ अंशांना गोठतो. रक्तातल्या क्षारांच्या बळावर मासा जेमतेम उणे १ पर्यंत तगेल. उरलेली तफावत भरून काढणारी प्रथिने अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर डिव्हरीज यांनी १९६०च्या दशकात शोधली. ती बर्फ वितळवत नाहीत. माशाच्या पोटात गेलेल्या बर्फकणांना ती जाऊन चिकटतात. गादीला टाके घातले की मधला कापूस फुगून वर येतो ना, तसे दोन प्रथिनांमधून बर्फाला फुगूनच पुढे सरकावे लागते. अशा बाकदार पृष्ठभागावर पाण्याच्या नव्या रेणूंना टिकाव धरणे जड जाते आणि वाढ थांबते.

पण चिकटतात कशी? मी स्वतः वर्षानुवर्षे वर्गात हायड्रोजन बंधाची गोष्ट सांगितली: प्रथिनातला हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, हलक्या ओढीने बर्फातल्या पाण्याला धरून ठेवतो. विंटर फ्लाउंडर माशाच्या प्रथिनात दर अकराव्या जागी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल येते; त्यात हायड्रॉक्सिलही असतो आणि मिथाइल हा कार्बन-हायड्रोजनचा गटही. दोन थ्रिओनिनमधले अंतर सुमारे १६.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), बर्फाच्या जाळीतले अंतर १६.७. मापाला माप इतके जुळल्यावर कोण भुलणार नाही? पुढे १९९०च्या दशकात थ्रिओनिनच्या जागी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल घालून पाहिले. हायड्रॉक्सिल गेला, तरी काम बरेचसे चालू राहिले. सेरिन घातले तेव्हा हायड्रॉक्सिल जागच्या जागी होता, गेला होता तो मिथाइल, आणि कामच बसले! म्हणजे पाण्याशी फटकून वागणारा मिथाइलच महत्त्वाचा निघाला.

२०११मध्ये अंटार्क्टिकातल्या मॅरिनोमोनास जिवाणूच्या अशा प्रथिनाची रचना समोर आली, तेव्हा कोडे बरेच उलगडले. मिथाइल गटांभोवती पाण्याचे रेणू पिंजऱ्यासारखे, जवळपास बर्फाच्याच मांडणीत बसलेले होते आणि हायड्रोजन बंधांनी प्रथिनालाच बांधलेले होते. हायड्रोजन बंध आहेत, पण मी सांगत होते त्या ठिकाणी नाहीत. प्रथिन आपले पाणी सोबत घेऊन येते आणि ते पाणी बर्फात मिसळून जाते.

लेखासोबतच्या चित्रात प्रथिन थेट बर्फाला टेकलेले दाखवले आहे. मध्ये पाण्याच्या रेणूंची एक ओळ रेखाटली, तर चित्र बरोबर होईल.

आपली,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका