रतनगडावरच्या त्या काकांचे आभार
गेल्या रविवारी रतनगडाचा माथा सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक झाला होता. नेढ्याकडून, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकाकडून, परतताना ओल्या गवतावर पाय सटकला आणि माझा घोटा टम्म सुजला. मैत्रिणी पुढे गेलेल्या, मोबाईलला रेंज नाही. मागून पायथ्याच्या रतनवाडीचे एक काका आले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून घोटा घट्ट बांधला. गणेश दरवाजाखालच्या लोखंडी शिडीवर ते माझ्या खाली राहून उतरले, प्रत्येक पायरीवर माझं पाऊल स्वतःच्या हाताने टेकवत. "घाई नको पोरी, मी हाय खाली." अमृतेश्वराच्या देवळापर्यंत माझी सॅक त्यांच्याच पाठीवर होती. पैसे तर घेतलेच नाहीत, उलट घरी नेऊन कोरा चहा पाजला. नाव विचारायचं राहूनच गेलं, याची फार रुखरुख लागलीय. काका, मनापासून आभार. पंचा धुऊन ठेवलाय, पाय बरा झाला की द्यायला येते.